तेलाचा कारखाना आणि तेलाचे गोदाम



तेल म्हटले की जमिनीखाली भरलेले तळे डोळ्यांपुढे येते. तसे तळे कोठेच नसते. तेल असते खडकाच्या बारीक छिद्रांत, आणि बहुधा त्याचा जन्म दुसऱ्याच खडकात झालेला असतो. आम्हा कामगारांच्या भाषेत एक कारखाना, दुसरे गोदाम.

१९७४ साली ‘सागर सम्राट’ जहाजाने मुंबईच्या समुद्रात तेल शोधले, ते चुनखडकाच्या गोदामात. कारखाना त्याहून खोल आहे : पन्ना थरांतला शेल, म्हणजे पापुद्र्यांचा चिखलखडक. वय ५ कोटी वर्षांच्या घरात. हवा न लागलेल्या गाळात सजीवांचे अवशेष गाडले गेले आणि सुमारे ६० ते १२० अंश उष्णतेत त्यांचे तेल झाले. त्याहून तापले तर वायू. आणखी तापले तर नुसता कार्बन. म्हणून रसायनज्ञ खडकाचा तुकडा भट्टीत घालून पाहतो : माल किती, आणि शिजला किती?

पुष्कळसा माल कारखान्यातच अडकतो. टेक्सासच्या बार्नेट शेलमधून तो काढण्याची खटपट जॉर्ज मिचेल यांच्या कंपनीने १९८१ पासून केली. दाबाच्या पाण्याने खडक फोडून वायू काढणे परवडू लागले ते नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस. तरी अशा विहिरीचे उत्पन्न पहिल्या काही वर्षांतच झपाट्याने घटते.

मित्रहो, हा दरमहाचा पगार नव्हे. हा फंड आहे. कामगार फंड मोडतो तेव्हा घरात विचारतो : कशासाठी? आपणही तेच विचारले पाहिजे.