शेकडा किती, आणि कशाचे?

मंडळी, आज टक्क्यांचा हिशेब घेऊ. टक्का म्हणजे शंभरातला एक भाग. शेकडा दहा म्हणजे शंभरामागे दहा. इतकं सगळ्यांना ठाऊक आहे. ५०० रुपयांचे दहा टक्के किती, असं विचारलं तर भाजीवाली पाटी-पेन्सिल न घेता ५० म्हणून सांगेल.

अडचण येते ती निराळ्या ठिकाणी. ज्या रकमेचे शंभर भाग करायचे, ती रक्कमच कधी कधी ठाऊक नसते. आणि नेमका तिथेच माणूस फसतो.

समजा, एका शेतकऱ्याला मृगाच्या आधी बी-बियाण्यासाठी रोख ९,००० रुपये हवे आहेत. सावकार म्हणतो, “देतो की. पण शेकडा दहा व्याज आधीच कापून घेईन. चार महिन्यांनी कागदावरची रक्कम पुरी आणून द्यायची.” आता सांगा, कागद किती रुपयांचा करायचा?

पुष्कळ जण म्हणतील, ९,००० चे दहा टक्के ९००. म्हणजे ९,९०० चा कागद करा. करून बघू. सावकार ९,९०० चे दहा टक्के, म्हणजे ९९० रुपये कापणार. हातात पडले ८,९१०. नव्वद रुपये कमी! असं का झालं? आपण दहा टक्के काढले ते ९,००० चे. सावकाराने काढले ते कागदावरच्या रकमेचे.

तेव्हा जी रक्कम ठाऊक नाही, तिला एक नाव द्यावं. शाळेतली मुलं तिला क्ष म्हणतात. तुम्ही हवं तर गाठोडं म्हणा. गाठोडं उघडलं नाही तरी त्याचा हिशेब मांडता येतो. हीच तर बीजगणिताची सोय. आपला हिशेब असा मांडायचा :

क्ष − क्ष चे १० टक्के = ९,०००

क्ष चे शंभर भाग. त्यातले दहा सावकाराने घेतले. उरले नव्वद. हे नव्वद भाग म्हणजे ९,००० रुपये. मग एक भाग १०० रुपयांचा, आणि शंभर भाग १०,००० चे. कागद १०,००० चा करावा लागेल.

पण थांबा, एवढ्यावर उठू नका. शेतकऱ्याने वापरले ९,००० आणि व्याज दिलं १,०००. म्हणजे शेकडा दहा नव्हे, अकराहून थोडं जास्तच पडलं. तेही चार महिन्यांचं. वर्षाला तिप्पट धरा. शेकडा सव्वातेहतीसच्याही वर जातं. “शेकडा दहा” हा शब्द कानाला किती हलका वाटला होता!

महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय सावकारीचा धंदा करणे हा गुन्हा आहे. तेव्हा परवाना आहे का, हे आधी विचारावं. तो असला, तरी हिशेब आपला आपल्याला आलाच पाहिजे.

ही युक्ती काही नवी नाही, बरं का. भास्कराचार्यांनी ११५० साली ‘लीलावती’ हा ग्रंथ लिहिला. त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांच्या नातवाने चाळीसगावजवळ पाटण येथे मठ काढला. तिथल्या देवळातला शिलालेख तसं सांगतो. लीलावतीत एक उदाहरण आहे. दरमहा शेकडा पाच व्याज. वर्षाने मुद्दल आणि व्याज मिळून हजार झाले. तर मुद्दल किती आणि व्याज किती?

महिन्याला पाच, म्हणजे बारा महिन्यांचे साठ. मुद्दलाचे शंभर भाग आणि व्याजाचे साठ, मिळून १६० भाग. ते १,००० च्या बरोबर. एक भाग सव्वासहाचा. म्हणून मुद्दल ६२५ आणि व्याज ३७५. महिन्याचा दर ऐकला, की आधी त्याला बाराने गुणावं. “महिना पाच” आणि “साल साठ” एकच. पण दुसरं ऐकल्यावर माणूस जरा विचार करतो.

दुकानातल्या सुटीचंही तसंच. वीस टक्के सूट जाऊन लुगडं ९६० ला मिळालं, तर ८० भाग म्हणजे ९६०, एक भाग १२ चा, मूळ किंमत १,२००. आणि दुकानदाराने १०० ची वस्तू आधी वीस टक्के चढवून १२० केली, मग वीस टक्के उतरवली, तर ती १०० ला पडत नाही, ९६ ला पडते. कारण उतरवले ते १२० चे वीस टक्के.

आता एक हिशेब घरी करून आणा. एका बाईने बचत गटातून कर्ज घेतलं. व्याज दरमहा शेकडा दोन, सरळव्याज. दहा महिन्यांनी तिने मुद्दल-व्याज मिळून एकदम ६,००० रुपये भरले. तिने कर्ज किती घेतलं होतं? ६,००० चे वीस टक्के काढून वजा करू नका. तसं केलंत तर ४,८०० येतील आणि ते चूक. क्ष मांडा. उत्तर आलं, की त्यावर दहा महिन्यांचं व्याज लावून पाहा. बेरीज ६,००० भरली, की हिशेब जुळला.