शनीची कडी वितळत का नाहीत?



मे महिन्याच्या भर दुपारी माजिवडा नाक्यावर बर्फवाल्याचा टेम्पो सिग्नलला थांबला, की लाद्यांवरून पांढरा धूर निघताना दिसतो. हा धूर बर्फातून येत नाही. ठाण्याच्या दमट हवेतली वाफ गार लादीजवळ येते आणि तिचे बारीक थेंब होतात, ते हे. खरा घात करते ती हीच वाफ. एक ग्रॅम बर्फ वितळायला सुमारे 80 कॅलरी लागतात. पण एक ग्रॅम वाफेचं पाणी झालं की जवळजवळ 600 कॅलरी बाहेर पडतात. म्हणजे हवेतली ग्रॅमभर ओल लादीवर बसली, की सातेक ग्रॅम बर्फ गेलाच म्हणून समजा! याच नाक्यावरून नाशिकला निघालेली लादी तिकडच्या कोरड्या हवेत, पारा इथल्याइतकाच असला तरी, जास्त तग धरते. लादीवरचं गोणपाट उन्हासाठी असतं असं आपण म्हणतो. दमट वारा अडवणं हेही त्याचं तितकंच मोठं काम.

आता शनीच्या कड्यांतल्या बर्फाकडे जाऊ. 1859 साली मॅक्सवेल या शास्त्रज्ञानं गणितानं दाखवून दिलं, की शनीची कडी अखंड असूच शकत नाहीत. ते असंख्य सुटे तुकडे असले पाहिजेत. ते तुकडे बहुतांशी पाण्याच्या बर्फाचे आहेत, काही कणभर, तर काही घराएवढे. मुख्य कड्यांचा व्यास पावणेतीन लाख किलोमीटर, जाडी मात्र बहुतेक ठिकाणी दहा-वीस मीटर. आपल्या माजिवड्यातले टॉवर त्याहून उंच आहेत.

शनीवर ऊन पोचतं ते आपल्या नव्वदाव्या हिश्श्याइतकं. त्यामुळे कड्यांचं तापमान उणे 160 अंशांच्याही खाली असतं. पण समजा, कोणी ती कडी सूर्याजवळ आणून ठेवली, तरी पाण्याचा एक थेंब गळणार नाही. पाणी पाणी म्हणून राहायला वरून दाब लागतो, निदान आपल्या हवेच्या दाबाच्या एकशेसाठाव्या भागाइतका. पोकळीत तो नाही, म्हणून तिथला बर्फ तापला की थेट वाफ होऊन उडतो. धूमकेतू सूर्याजवळ येतो तेव्हा नेमकं हेच घडतं.

कडी झिजतात ती वेगळ्याच कारणानं. त्यांतले बारीक विद्युतभारित कण शनीच्या चुंबकीय क्षेत्राच्या रेषांवरून ग्रहावर बरसतात. कॅसिनी यान 2017 मध्ये शनी आणि कड्यांच्या मधून गेलं, तेव्हा आत पडणारा हा माल त्यानं प्रत्यक्ष टिपला. या हिशेबानं कडी फार तर तीसेक कोटी वर्षं टिकतील, असा एक अंदाज आहे.

मार्च 2025 मध्ये कडी पृथ्वीवरून बरोबर कडेनं दिसत होती, म्हणजे जवळजवळ दिसतच नव्हती. आता ती वर्षागणिक उघडत जातील आणि 2032 च्या सुमारास सर्वांत रुंद दिसतील. तीसपट मोठं दाखवणारी साधी दुर्बीणही पुरते. मुलांना गच्चीवर न्या आणि दाखवा.