जमीन मिळाली, धान्य गेले



निवडणूक आली की युती कोणाशी, हा प्रश्न निघतोच. आज रशियाच्या शेतकऱ्यांचे काय झाले ते सांगतो.

नोव्हेंबर १९१७ मध्ये, ऐन क्रांतीत, तिथे संविधान सभेची निवडणूक झाली. खेड्यांनी मते टाकली ती आपल्या समाजवादी क्रांतिकारक पक्षाला. लेनिनच्या बोल्शेविकांना जेमतेम चौथा हिस्सा मिळाला. पण शेतकऱ्यांचा पक्ष तोवर फुटला होता आणि उमेदवारांच्या याद्या फुटीआधीच्या होत्या. आपले मत कोणत्या गटाला गेले, हे मतदाराला कळायला मार्ग नव्हता.

डिसेंबरात डावा गट लेनिनच्या सरकारात गेला. शेतीखाते मिळाले. जमीनदारांच्या जमिनी गावांनी वाटून घेतल्या. हे लहान काम नव्हे.

मार्च १९१८ मध्ये जर्मनीशी तह झाला. त्या रागात हा गट मंत्रिमंडळ सोडून बाहेर पडला. मे महिन्यात गावातले धान्य सक्तीने उचलायचा हुकूम निघाला. त्यांनी विरोध केला, पण मंत्रिमंडळात त्यांचा माणूस नव्हता. जुलैत उठाव केला, तो चिरडला गेला आणि पक्षही मोडला.

जमीन आपली, पण माल दुसऱ्याचा! ज्वारीची लेव्ही ज्यांनी भरली, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

युतीला ना नाही. पण मालाच्या भावाचे आधी लिहून घ्या. आणि गावची संघटना अशी ठेवा, की सत्ता सुटली तरी ती उभी राहील.