पालखेड आणि पानिपत : रणांगणापूर्वीच ठरलेल्या दोन लढाया



इतिहासाचा ओघ बदलून टाकणाऱ्या लढायांची चर्चा निघाली म्हणजे सेनापतींचे शौर्य, तोफांचा भडिमार आणि निकालाची ती एक तारीख यांचेच स्मरण प्रामुख्याने केले जाते. शाळेतील विद्यार्थीही बहुधा तेवढेच पाठ करतात. वस्तुतः लढाईचा निर्णय पुष्कळदा त्या दिवसाच्या कितीतरी आधी झालेला असतो. धान्याची कोठारे, पाण्याच्या जागा, नद्यांचे उतार आणि वाटेवरील रयतेची आस्था या गोष्टींनी तो ठरविलेला असतो. मराठ्यांच्या इतिहासातील दोन लढाया या दृष्टीने शेजारी शेजारी ठेवून अभ्यासण्यासारख्या आहेत. पहिली १७२८ मधील पालखेडची आणि दुसरी १७६१ मधील पानिपतची. दोहोंमध्ये अंतर अवघ्या ३३ वर्षांचे. परंतु पहिलीत मराठ्यांनी शत्रूची जी कोंडी केली, तीच दुसरीत त्यांच्या वाट्याला आली.

निजामाची कोंडी

शाहू महाराज आणि कोल्हापूरचे संभाजी महाराज यांच्यात खरा छत्रपती कोण, असा वाद उपस्थित करून निजामउल्मुल्क याने दक्षिणेतील चौथाईचा भरणा थांबविला. हा केवळ पैशाचा प्रश्न नव्हता. स्वराज्याचे ऐक्यच त्यामुळे धोक्यात आले होते. १७२७ चा पावसाळा सरत असता पहिले बाजीराव मोहिमेवर निघाले. निजामाचा तोफखाना बलाढ्य आहे आणि समोरासमोरच्या झुंजीत तो भारी ठरेल, हे ते पुरतेपणी जाणून होते. म्हणून त्यांनी लढाई टाळून शत्रूला चालविण्याचा मार्ग पत्करला. जालना प्रांत, वऱ्हाड, खानदेश आणि तेथून गुजरात, अशा वेगवान दौडी करीत त्यांनी निजामाला आपल्यामागे ओढले. घोडदळाबरोबर अवजड सामान नव्हते, बाजारबुणगे नव्हते. मुक्काम पडेल तेथे दाणावैरण मिळविण्याची त्यांची रीत होती.

मराठी सैन्य गाठता येत नाही असे पाहून निजाम पुण्यावर चालून आला आणि तेथे त्याने संभाजी महाराजांचा अधिकार जाहीर केला. शाहू महाराजांना पुरंदरचा आश्रय घ्यावा लागला. अशा वेळी पुण्याच्या बचावासाठी धावत येण्याऐवजी बाजीरावांनी निजामाच्या औरंगाबादवर रोख धरला. आता धावण्याची पाळी निजामावर आली. घाईत त्याचा अवजड तोफखाना मागे राहिला. फेब्रुवारी १७२८ च्या अखेरीस पालखेडच्या परिसरात मराठ्यांनी त्याला वेढले. हे पालखेड आजच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील वैजापूर तालुक्यात आहे. नाशिक जिल्ह्यातील धरणाचे पालखेड निराळे. तेथे निजामाच्या छावणीचे अन्न आणि पाणी तोडण्यात आले. मोठा रणसंग्राम असा झालाच नाही. दाण्यावाचून आणि पाण्यावाचून त्रस्त झालेल्या निजामाने गोदावरीकाठच्या मुंगी येथे ६ मार्च १७२८ रोजी तह केला. चौथाई व सरदेशमुखीचा शाहू महाराजांचा हक्क त्याने मान्य केला आणि संभाजी महाराजांचा पाठपुरावा सोडला. त्याच वर्षी नोव्हेंबरात चिमाजी अप्पांनी अमझेरा येथे विजय मिळवून माळव्याचा मार्ग मोकळा केला. पाठीमागची दक्षिण निर्धास्त झाल्याखेरीज हे घडणे कठीण होते.

पानिपतची कोंडी

१७६० मध्ये सदाशिवरावभाऊ उत्तरेकडे निघाले, ते उदगीरचा ताजा विजय पदरी घेऊन. परंतु या सैन्याची रचना निराळी होती. इब्राहिमखान गारद्याचे कवायती पायदळ आणि उत्कृष्ट तोफखाना बरोबर होता. त्याचबरोबर सरदारांचे कुटुंबकबिले, यात्रेकरू आणि बाजारबुणगे यांचाही मोठा जमाव होता. एवढ्या मुखांना रोज अन्न पुरविणे हे काम कोणत्याही लढाईहून सोपे नव्हते. ऑगस्टमध्ये दिल्ली हाती आली, पण खजिना रिकामाच राहिला. राजवाड्यातील रुप्याचे छत उतरवून त्याची नाणी पाडावी लागली, यावरून ओढग्रस्तीची कल्पना येते. सूरजमल जाट बाजूला झाला, राजपूत राजे तटस्थ राहिले. उलट अहमदशहा अब्दालीला नजीबखान रोहिल्याचा आणि अयोध्येच्या शुजाउद्दौल्याचा आधार होता. त्यामुळे गंगा-यमुनेच्या दुआबातील धान्य त्याच्या छावणीत पोहोचत होते.

ऑक्टोबरमध्ये मराठ्यांनी कुंजपुरा जिंकला. परंतु त्याच महिन्याच्या अखेरीस अब्दाली बागपतजवळ यमुना उतरून आला आणि मराठ्यांचा दिल्लीचा, पर्यायाने दक्षिणेचा, मार्ग तुटला. नोव्हेंबरपासून पानिपतला दोन्ही सैन्ये समोरासमोर बसली. दुआबात शत्रूची रसद मारण्याची कामगिरी गोविंदपंत बुंदेल्यांवर होती. डिसेंबरमध्ये ते मारले गेले आणि तोही उपाय खुंटला. कडाक्याची थंडी, वैरणीअभावी मरणारी जनावरे आणि उपाशी माणसे अशी छावणीची अवस्था झाली. शुजाच्या पदरी असलेल्या काशीराज पंडिताने आपल्या वृत्तांतात नमूद केले आहे की, आदल्या दिवशी सरदार व शिपाई भाऊंकडे गेले आणि दोन दिवस अन्न नाही, तेव्हा लढूनच मरू, असे म्हणाले. १४ जानेवारी १७६१ रोजी हे उपाशी सैन्य बाहेर पडले आणि दुपारपर्यंत तोलामोलाने लढले. विश्वासराव गोळी लागून पडल्यावर आणि अब्दालीने राखीव फौज पुढे घातल्यावर मराठ्यांची फळी मोडली. निसटून आलेल्यांना आश्रय आणि अन्न दिले ते सूरजमलानेच.

परिणाम आणि बोध

पानिपताने मराठी राज्य बुडाले, हा समज बरोबर नाही. १७६३ मध्ये राक्षसभुवनला निजामाचा पराभव झाला, १७७१ मध्ये महादजी शिंद्यांनी दिल्ली पुन्हा ताब्यात घेतली. मात्र मधली दहा वर्षे हातची गेली. त्याच काळात, १७६४ मध्ये, इंग्रजांनी बक्सारची लढाई जिंकली आणि १७६५ मध्ये बंगालची दिवाणी मिळविली. उत्तरेत प्रबळ मराठी सत्ता नसण्याचा हा काळ त्यांच्या पथ्यावर पडला.

शिक्षकांनी या दोन लढाया शिकविताना तारखांबरोबर नकाशाही फळ्यावर काढावा. गोदावरी आणि यमुना कोठे ओलांडल्या, धान्य कोठून येत होते, वाटेवरील मुलूख मित्राचा होता की शत्रूचा, हे प्रश्न मुलांना विचारावेत. मग पराभवाचे खापर नशिबावर फोडण्याची सवय त्यांना लागणार नाही. प्रशासनात आणि पंचायतीत काम करणाऱ्यांनाही यातून घेण्यासारखे आहे. टंचाई दारात आल्यावर धावाधाव करणाऱ्याचे बळ व्यर्थ जाते. दाणा, पाणी आणि वाट यांची तजवीज आधीच करणारा व वाटेवरच्या माणसांना आपलेसे करणारा निभावून नेतो. पानिपतावर धारातीर्थी पडलेल्या हजारो वीरांच्या पराक्रमात कोठेही उणीव नव्हती. म्हणूनच त्या पराक्रमाला पोटभर अन्न मिळाले नाही, ही गोष्ट पुढील पिढ्यांनी विसरता कामा नये.