फुंकरीची परीक्षा



जिना चढताना धाप लागली, की "वय झाले" म्हणून आपण मोकळे होतो. चुलीपुढे जन्म काढलेल्या बायकांना तर हे उत्तर ठरलेलेच. त्यांनी विडीला कधी हात लावलेला नसतो. मग फुप्फुसांचा संशय घेणार कोण? पण चुलीचा धूरही श्वासनलिका अरुंद करतो, आणि क्ष-किरणांच्या चित्रात ते पुष्कळदा दिसत नाही. ते फुंकरीतून कळते. या परीक्षेला स्पायरोमेट्री म्हणतात.

लंडनचे डॉक्टर जॉन हचिन्सन यांनी १८४६ साली दोन हजारांवर माणसांचा श्वास मोजून प्रसिद्ध केला. उंच माणसाच्या छातीत हवा अधिक मावते, हे त्यांना आढळले. आजही निकाल वय, उंची आणि स्त्री-पुरुष हा भेद पाहूनच लावतात. मात्र हवा किती, एवढ्यानेच भागत नाही. पहिल्या सेकंदात त्यातली किती बाहेर पडते, हे पाहावे लागते. निरोगी प्रौढाची साधारण तीनचतुर्थांश पडते. नळ्या अरुंद असल्या, की ती रेंगाळते.

खुर्चीवर ताठ बसवतात, नाकाला चिमटा लावतात. नळी ओठांत घट्ट धरून छाती भरेल तेवढा श्वास घ्यावयाचा आणि एकदम जोराने सोडावयाचा. सहा-सात सेकंद सोडतच राहावयाचे. शेजारचा माणूस "आणखी, आणखी!" म्हणून ओरडतो, त्याचा राग मानू नये. असे निदान तीनदा. खोकला येतो, क्वचित भोवळ येते, तेव्हा थांबावे. मग औषधाचा फवारा देऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा तेच. आकडा चांगलाच सुधारला, तर दम्याचा संशय बळावतो.

यात सुई नाही, कळ नाही. पण यंत्र आपल्या जोरावर अवलंबून आहे. आमच्या भगिनी चारचौघांत भिडेने हळूच फुंकतात आणि निकाल फसतो. फुंकणीने चूल पेटवणाऱ्यांनी येथे कसली भीड धरावी?

तासभर आधी धूम्रपान नको, पोटभर जेवण नको. फवारा घेत असल्यास तो कधी थांबवावा, हे डॉक्टरांना विचारावे. नुकताच हृदयविकाराचा झटका आला असेल, डोळ्याची शस्त्रक्रिया झाली असेल किंवा थुंकीतून रक्त पडत असेल, तर ते आधी सांगावे. आणि निकालाचा कागद जपून ठेवावा. पुढल्या खेपेची फुंकर त्याच्याशीच ताडून पाहावयाची असते.