सायनस सगळ्यांनाच असतो



मी संगणकवाली, डॉक्टर नव्हे. पण आपल्यातले बरेच जण ‘मला सायनस आहे’ म्हणतात, म्हणून बोलते. सायनस सगळ्यांनाच असतो! कपाळात, गालांत, डोळ्यांच्या मध्ये आणि नाकाच्या मागे हवेच्या पोकळ्यांच्या चार जोड्या असतात. सर्दीने, अ‍ॅलर्जीने अस्तर सुजलं की पोकळीचं तोंड बुजतं, आत शेंबूड साचतो. मग नाक चोंदतं, वास येत नाही, वाकलं की कपाळ-गाल ठणकतात. आपल्याकडे हळदीच्या हंगामातली धूळ आणि चुलीचा धूर त्रास वाढवतात. कधी मूळ वरच्या किडक्या दाढेत असतं.

बहुतेकदा कारण विषाणू असतो. त्यावर अँटिबायोटिक चालत नाही. साधारण १० दिवसांत आराम पडतो. न पडला, किंवा बरं वाटून पुन्हा बिघडलं, तर डॉक्टर गाठा.

२०२१ मध्ये करोनानंतर महाराष्ट्रात काळ्या बुरशीने अनेकांचे डोळे गेले, जीवही गेले. ती सायनसमधूनच डोळ्यांपर्यंत पोचायची. वाढलेली साखर आणि स्टेरॉइड तिला वाट करून देत. आपण आता चाळिशीपार. डोळ्याभोवती सूज, एकाचे दोन दिसणं, नाकातून काळपट स्राव दिसला तर त्याच दिवशी दवाखान्यात जा. आणि साखर तपासून घ्या. पुढच्या मेळाव्याला सगळे हवेत.