खोक्यावरचा मुलगा आणि सायकलीची दांडी



छंदावर बोला म्हटलं की बायकांकडून भरतकामाची अपेक्षा असते. माझ्याकडे मेकॅनोचे जुने संच आहेत आणि चार जुन्या सायकली. त्या घरात कुठे ठेवायच्या हा आमच्याकडचा कायमचा वाद, तो इथे नको.

मेकॅनो म्हणजे काय हे इथल्या तरुण मुलींना सांगायला हवं. भोकं पाडलेल्या धातूच्या पट्ट्या, पितळी दातेरी चक्रं, सळया, नटबोल्ट. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबीनं 1901 मध्ये त्याचं पेटंट मिळवलं. दोन भोकांतलं अंतर अर्धा इंच, ते पुढे बदललंच नाही. त्यामुळे आजीच्या काळातली पट्टी नातीच्या काळातल्या पट्टीला बिनतक्रार जुळते.

पण खोक्याचं झाकण बघा. त्यावर मुलगे. जाहिरातीतही 'मुलग्यांसाठी इंजिनियरिंग' असं सरळ छापलेलं. आणि लिव्हरपूलच्या बिन्स रोडवरचा तो कारखाना 1979 मध्ये बंद पडेपर्यंत तिथे जुळणी करणाऱ्या, खोकी भरणाऱ्या हातांत बायकांचे हात पुष्कळ होते. म्हणजे बोल्ट बायकांच्या हाती चालत होता, पण मजुरीपुरता.

आता बिअट्रिस वर्स्लीबद्दल. 1934 मध्ये मँचेस्टरला डग्लस हार्ट्री आणि आर्थर पोर्टर यांनी मेकॅनोचे भाग वापरून गणितातली अवघड समीकरणं सोडवणारं यंत्र उभं केलं. त्यातली कल्पना आपल्या स्वयंपाकघरात कळेल इतकी सोपी आहे. एक सपाट तबकडी फिरते, तिच्यावर एक लहान चाक उभं टेकलेलं. चाक मध्याजवळ असलं की हळू फिरतं, कडेकडे सरकवलं की भरभर. चाकाचे एकूण फेरे मोजले की बदलत्या राशीची बेरीज हाती येते. तसंच यंत्र 1948 मध्ये टोरांटो विद्यापीठात वर्स्लीनं मेकॅनोतून जुळवलं. पुढे 1952 मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट तिला मिळाली, संगणकशास्त्रातल्या जगातल्या अगदी पहिल्या डॉक्टरेटपैकी एक. खोक्यावर तिचं चित्र कुणी छापलं नाही.

सायकलींचंही तेच. माझ्याकडच्या दोन लेडीज आहेत. मधली आडवी दांडी खाली वाकवलेली, चेनवर पूर्ण झाकण, मागच्या चाकाला जाळी. हे सगळं घोळदार कपड्यांसाठी. दांडी खाली आणली की सांगाड्याचा ताठपणा कमी होतो, म्हणून नळ्या जाड घ्याव्या लागतात, म्हणजे जड सायकल बाईच्या वाट्याला. कपडे बदलण्याऐवजी सायकल बदलली, हे मला फार बोलकं वाटतं.

तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात 1990च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता मोहिमेबरोबर हजारो बायका सायकल शिकल्या. शीला राणी चुंकत तेव्हा तिथल्या कलेक्टर होत्या. लेडीज सायकली दुकानांतून संपल्या, तेव्हा बायकांनी जेन्ट्स सायकली घेतल्या. आणि त्यांना त्या जास्त सोयीच्या वाटल्या, कारण दांडीवर मूल बसवता येतं! कारखानदारांनी इतकी वर्षं जी दांडी आपल्यासाठी काढून टाकली, तिचा उपयोग शेतमजूर बाईला पहिल्या आठवड्यात सापडला.

मी एका दुकानात कोन-पाना मागितला, तेव्हा दुकानदार म्हणाला, "ताई, साहेबांना पाठवा, त्यांना कळेल." पाना घेतला, छर्रे घेतले, घरी येऊन पुढचं चाक उघडलं. साहेब चहा करत होते.

बाहेर टेबलावर दोन संच मांडलेत, स्क्रूड्रायव्हर सहा आहेत. ज्यांनी मुली आणल्यात त्यांनी त्यांना मध्ये बसू द्यावं, मुलगे कडेनं. जाताना पितळी चक्रं मोजून खोक्यात ठेवा. ती आता जुन्या बाजारातही सहज मिळत नाहीत.